‘अरे-तुरे’ ऐकलेल्यांनी सर्वनामावर हसू नये

मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रकार घडला. वर्गाला नियमित येणाऱ्या, भरपूर वाचणाऱ्या, १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे फलक रंगवून देणाऱ्या एका तरुण साथीदाराने प्रोफाइलला कार्टूनचे चित्र लावले. ‘स्टीव्हन युनिव्हर्स’ या अमेरिकन मालिकेतल्या स्टीव्हॉनीचे. सोबत दोन ओळी लिहिल्या: मी नॉनबायनरी आहे, मला ‘तो’ किंवा ‘ती’ न म्हणता ‘ते’ म्हणा.

दहा मिनिटांत हसण्याच्या इमोजींचा पाऊस पडला. एकाने लिहिले, “‘ते’ म्हणजे? तू काय टेबल आहेस का?” दुसऱ्याने लिहिले, “कार्टून बघून बघून कार्टून झालंय.” एका ज्येष्ठांनी समारोप केला, “ही पोट भरलेल्यांची अमेरिकन थेरं आहेत. आपल्यापुढे अ‍ॅट्रॉसिटी आहे, शिष्यवृत्ती आहे, बेरोजगारी आहे. हा विषय बंद.” संध्याकाळी त्या साथीदारांनी ग्रुप सोडला. पुढच्या रविवारी वर्गात त्यांची जागा रिकामी होती.

मी त्या दिवशी गप्प बसलो. मालिका पाहिलेली नव्हती, विषय नीट कळत नव्हता, ही माझी सबब. नंतर मालिका पाहिल्या, आणि पाहिल्यावर स्वतःचीच लाज वाटली. म्हणून हा लेख.

मुद्दा सरळ मांडतो. ज्यांच्या आजोबांना पाटलाचे शेंबडे पोर “अरे म्हाद्या” म्हणून हाक मारत होते, आणि ज्यांच्या नेत्याने जातीचे मूळ जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नात शोधून दाखवले, त्यांना या पात्रांवर हसण्याचा अधिकार नाही. या मालिका दोन प्रश्नांवर भांडतात. माणसाला काय म्हणून हाक मारायची हे कोण ठरवणार? आणि कोणी कोणाशी एक व्हायचे हे कोण ठरवणार? हे दोन्ही प्रश्न आपल्या चळवळीचे आहेत.

आधी पात्रे समजून घ्या

स्वतःला फक्त पुरुष किंवा फक्त स्त्री या दोनपैकी कुठल्याही एका खणात पूर्ण बसवत नाही ती व्यक्ती नॉनबायनरी. तृतीयपंथी, ट्रान्स स्त्री, ट्रान्स पुरुष आणि नॉनबायनरी हे एकाच अर्थाचे शब्द नाहीत. इंग्रजीत नॉनबायनरी व्यक्तीसाठी बहुधा ‘दे’ हे अनेकवचनी सर्वनाम वापरतात.

अमेरिकेतल्या अ‍ॅनिमेशन मालिकांत अशी पात्रे गेल्या दहा-बारा वर्षांत ठळकपणे दिसू लागली. जानेवारी २०१५ मध्ये ‘स्टीव्हन युनिव्हर्स’मध्ये स्टीव्हॉनी आले. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवरच्या ‘शी-रा’च्या नव्या मालिकेत डबल ट्रबल आले. २०२१ मध्ये डिस्नेच्या ‘द आउल हाउस’मध्ये रेन व्हिस्पर्स, आणि २०२२ मध्ये ट्रान्सफॉर्मर्सच्या ‘अर्थस्पार्क’ मालिकेत नाइटशेड. ‘स्टीव्हन युनिव्हर्स’च्या निर्मात्या रिबेका शुगर यांनी २०१८ मध्ये स्वतःची ओळख नॉनबायनरी स्त्री अशी जाहीर केली आणि मालिकेतली रत्ने म्हणजे ‘जेम्स’देखील तशीच आहेत असे सांगितले.

स्टीव्हॉनी म्हणजे दोन मुलांचे मिळून झालेले एक माणूस. स्टीव्हन हा अर्धा रत्नवंशी मुलगा आणि कॉनी ही त्याची मैत्रीण, दोघे नाचता नाचता एकरूप होतात. कॉनीचे आडनाव महेश्वरन, आईचे नाव प्रियांका. म्हणजे ‘अमेरिकन थेरं’ म्हणून ज्या चित्रावर आपले लोक हसले, त्यातला अर्धा चेहरा भारतीय घरातल्या मुलीचा आहे.

होमवर्ल्डची वर्णव्यवस्था

आता गाभ्याकडे येऊ. ‘स्टीव्हन युनिव्हर्स’मधली रत्ने ज्या ग्रहावरून आली त्याचे नाव होमवर्ल्ड. तिथे रत्न जमिनीतून बाहेर पडते तेव्हाच त्याचे काम ठरलेले असते. हिरे सत्ताधीश. नीलम भविष्य सांगणारी, दरबारातली. माणिक साधा शिपाई. पेरिडॉट तंत्रज्ञ. मोती म्हणजे पर्ल, तिचा जन्मच मालकिणीच्या मागे उभे राहण्यासाठी. तिची हुशारी, तिचे मन, तिची तलवारबाजी यांपैकी काहीही हिशेबात धरले जात नाही. कोणाच्या पोटी नव्हे, कोणत्या मातीतून आलात यावर सगळे आयुष्य मोजले जाते. ही व्यवस्था ओळखीची वाटते ना?

या व्यवस्थेचा सर्वांत कडक नियम एकरूप होण्याबद्दलचा आहे. माणिकाने माणिकाशी एकरूप व्हावे, शिपायांना लढाईत त्याचा उपयोग होतो. पण वेगळ्या जातीच्या रत्नाशी एकरूप होणे हा गुन्हा. २०१६ च्या ‘द आन्सर’ या भागात नीलमचे रक्षण करताना एक माणिक तिला हल्ल्यातून बाजूला ढकलते आणि नकळत दोघी एकरूप होतात. दरबार हादरतो. आणि शिक्षा कोणाला फर्मावली जाते? माणिकाला. तिला फोडून टाका. दरबारातल्या नीलमला नाही, खालच्या शिपायाला.

सोनई, २०१३. खर्डा, २०१४. नगर जिल्ह्यातली ही दोन नावे ज्यांच्या छातीत रुतून बसली आहेत, त्यांनी हा भाग पाहून मग हसून दाखवावे. वरच्या जातीच्या मुलीशी प्रेम केल्याचा, नुसते बोलल्याचा संशय आला तर जीव कोणाचा जातो हे आपल्याला अमेरिकेने शिकवलेले नाही.

नीलम माणिकाला घेऊन पळते, आणि पृथ्वीवर त्या दोघींची मिळून गार्नेट घडते. मालिकेतले सर्वांत धीरगंभीर, सर्वांत ताकदवान पात्र म्हणजे ही गार्नेट. तिचे सामर्थ्य मोडलेल्या बंदीतून आलेले आहे.

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला, तेव्हा ते २५ वर्षांचे होते. जातीची व्याख्या करताना इतरांनी सोवळे, पंगत, धंदा अशी लक्षणे मोजली होती. बाबासाहेबांनी नेमके बोट ठेवले ते स्वजातिविवाहावर. वर्तुळ बंद ठेवले की जात टिकते. १९३६ च्या न दिलेल्या भाषणात त्यांनी पुढचे पाऊल टाकले: रक्ताची सरमिसळ हाच खरा उपाय, आणि त्यासाठी बंदी घालणाऱ्या शास्त्रांचे पावित्र्य मोडले पाहिजे. ते पुस्तक आपण जयंतीला वाटतो. त्याच विचाराचे चित्र आपल्या पोराने प्रोफाइलला लावले तर त्याला कार्टून म्हणतो.

‘द आउल हाउस’मध्ये हीच गोष्ट धंद्याच्या अंगाने येते. तिथल्या बादशहाच्या राज्यात प्रत्येकाने जादूचा एकच गट निवडायचा, मनगटावर ठसा उमटवून घ्यायचा. मग इतर सगळी जादू कायमची बंद. ज्याला सगळे शिकायचे आहे तो गुन्हेगार. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची नव्हे, श्रमिकांचीच विभागणी आहे, हा बाबासाहेबांचा मुद्दा मुलांना समजावायला यापेक्षा सोपे उदाहरण सापडायचे नाही. आणि या राज्यात संगीताच्या गटाचे प्रमुखपद घेऊन आतून बंड पेटवणारे पात्र कोण? रेन व्हिस्पर्स. नॉनबायनरी. त्यांच्या ओळखीवर मालिकेत व्याख्यान झोडलेले नाही. सगळे त्यांना नीट हाक मारतात आणि कामाला लागतात.

सर्वनामाचे राजकारण आपल्याला नवे?

आता त्या ‘ते’वर येतो, ज्यावर इतका हशा पिकला.

एका व्यक्तीला अनेकवचन कसे लावायचे, हा प्रश्न मराठी माणसाने विचारावा? बाबासाहेब आले. बाबासाहेब म्हणाले. माणूस एक, क्रियापद अनेकवचनी. आपल्या भाषेत एका माणसाला अनेकवचन लावणे म्हणजे मान देणे. प्रश्न व्याकरणाचा कधी नव्हताच. प्रश्न हा होता की हे अनेकवचन कोणाला मिळणार.

आपल्या माणसांना ते मिळत नव्हते. सत्तर वर्षांच्या महाराला गावातले दहा वर्षांचे पोर ‘अरे-तुरे’ करी. महादेवचा म्हाद्या होई, रामचंद्राचा राम्या. उलट त्या पोराला आपला म्हातारा ‘जी, धनी’ म्हणे. मनुस्मृतीने तर शूद्राचे नावच किळस वाटेल असे असावे म्हणून नियम केला. सर्वनाम आणि नाव ही व्यवस्थेची हत्यारे होती, हे आपल्याइतके कोणाला माहीत आहे?

म्हणून आपल्या चळवळीने नावासाठी भांडण केले. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घातला जात होता, तेव्हा बाबासाहेबांनी विरोध केला आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांसह सभात्याग केला. आम्हाला काय म्हणायचे ते आम्ही ठरवू, तुम्ही नाही, हा त्याचा अर्थ. त्या सभागृहातही कोणी म्हणाले असेलच की शब्दाने काय होते, पोटाचे बघा.

मराठीत अडचण आहे, मान्य. क्रियापदही लिंग विचारते: मी गेलो की मी गेले? पण हीच भाषा ‘व्यक्ती’ला स्त्रीलिंगी करते, ‘माणूस’ला पुल्लिंगी आणि ‘मूल’ला नपुंसकलिंगी. तिघांच्या शरीराशी त्याचा काडीचा संबंध नाही. कोल्हापूरकडच्या बायका बिनदिक्कत “मी येतो, मी जातो” म्हणतात, त्यांचे काही अडत नाही. भाषा वाकते, वाकवणाऱ्याची तयारी हवी. आदरार्थी ‘ते’ तोंडात आहेच. एखाद्याला ते नको असेल, दुसरे काही हवे असेल, तर विचारावे. एवढे साधे आहे.

मालिकांवरची आमची टीका

याचा अर्थ अमेरिकन कंपन्यांना डोक्यावर घ्यायचे असा नाही. आंबेडकरी माणसाने या मालिकाही डोळे उघडे ठेवून पाहाव्यात.

पहिली गोष्ट. ही पात्रे दिसायला कशी आहेत पाहा. डबल ट्रबल हिरव्या अंगाचे, सरड्यासारख्या शेपटीचे, पैशासाठी बाजू बदलणारे बहुरूपी. नाइटशेड यंत्रमानव. ‘स्टार ट्रेक: प्रॉडिजी’तले झिरो शरीर नसलेला ऊर्जेचा जीव. ‘रिडली जोन्स’मधले फ्रेड चक्क बायसन. रत्ने परग्रहावरची. बघणाऱ्या पोराला यातून काय कळते? स्त्री-पुरुषांपलीकडे जे आहे ते माणूस नसते. ही युक्तीही आपल्या ओळखीची आहे. ज्यांना व्यवस्थेबाहेर ठेवायचे त्यांना दैत्य, राक्षस, वानर म्हणून रंगवायचे. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त हाच डाव उघडा पाडला आणि ज्याला पुराणे असुर म्हणतात तो आपला बळीराजा आहे हे सांगितले. ‘स्टीव्हन युनिव्हर्स’च्या शेवटच्या भागांत, २०२० मध्ये, शेप हे साधे हाडामांसाचे नॉनबायनरी माणूस आले. असे शेप अजून किती तरी हवेत.

दुसरी गोष्ट. हिऱ्यांचे काय झाले? हजारो वर्षे रत्ने फोडणाऱ्या, ग्रह उजाड करणाऱ्या हिऱ्यांशी हिशेब होतो तो २०१९ च्या ज्या भागात, त्याचे नावच ‘चेंज युवर माइंड’. मन बदला. पांढऱ्या हिऱ्याला लाज वाटते, आणि सत्ताधीश सुधारतात. पुढे त्या नुकसान भरून काढायला लागतात, पण खटला नाही, शिक्षा नाही. हे हृदयपरिवर्तनाचे औषध आपल्याला एकदा पाजून झाले आहे. सवर्णांच्या मनात दया उपजेल म्हणून बाबासाहेब थांबले नाहीत. त्यांनी मतदानाचा हक्क मागितला, राखीव जागा मागितल्या, कायदा लिहिला. मालिकेने रोग अचूक ओळखला, औषध मात्र गांधीजींचे दिले.

तिसरी गोष्ट बाजाराची. बाजार जे देतो ते बाजार काढूनही घेतो. डिसेंबर २०२४ मध्ये डिस्नेने पिक्सारच्या ‘विन ऑर लूझ’ या मालिकेतली ट्रान्स मुलीची कथा काढून टाकल्याचे मान्य केले. कारण काय, तर अशा विषयांवर मुलांशी कधी बोलायचे हे पालकांनी ठरवावे. हवा बदलली, पात्र गेले. दुकानाच्या काचेत लागलेले चित्र म्हणजे हक्क नव्हे.

एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी. शेपला आवाज दिला इंडिया मूर यांनी, डबल ट्रबलला जेकब टोबिया यांनी, रेनना आवी रोके यांनी. तिघेही स्वतः नॉनबायनरी. ज्याचे दुःख त्याचाच आवाज. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तो याच हट्टातून.

‘आपला विषय नाही’ म्हणणाऱ्यांना

“पोट भरलेल्यांची थेरं” हा आक्षेप मला सर्वांत जास्त लागला, कारण त्यात अर्धे सत्य आहे. शहरातल्या इंग्रजी क्वीअर वर्तुळांत सर्वनामे छातीवर लावून फिरणारे अनेक सवर्ण आडनावाचा विषय निघाला की गप्प होतात. आरक्षण म्हटले की त्यांना एकदम गुणवत्ता आठवते. त्यांच्याशी भांडू या, जरूर भांडू या. पण त्यांच्या ढोंगाची शिक्षा आपल्या वस्तीतल्या पोराला कशासाठी?

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात ट्रान्सजेंडर व्यक्तींना सामाजिक व शैक्षणिक मागास मानून आरक्षण द्या, असे सांगितले. यावर समांतर आरक्षणाची मागणी नेमकेपणाने कोणी लावून धरली? तमिळनाडूच्या ग्रेस बानूंसारख्या दलित ट्रान्स कार्यकर्त्यांनी. सगळ्यांना एकाच मागास वर्गात ढकलले तर दलित ट्रान्स व्यक्तीला जात आणि लिंग यांपैकी एकच निवडावे लागते, हा त्यांचा मुद्दा. २०२१ मध्ये कर्नाटकाने १ टक्का समांतर आरक्षण दिले. महाराष्ट्रात दिशा पिंकी शेख वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या. २०२४ ला रावेरमधून शमिभा पाटील त्याच पक्षाकडून विधानसभेला उभ्या राहिल्या. विषय आपल्या अंगणात येऊन बसला आहे. आपणच दार लावून बसलो आहोत.

तिकडे दुसरा गट म्हणतो, आमच्या संस्कृतीत हे पूर्वीपासून आहे: अर्धनारीनटेश्वर बघा, शिखंडी बघा. आपल्याला ते प्रमाणपत्र नको. शिखंडीला पुढे उभे केले ते ढाल म्हणून. देवळात मूर्ती आणि दारात हकालपट्टी, ही त्या संस्कृतीची रीत आपण अनुभवली आहे.

आपल्या घरातही झाडू फिरवायला हवा. विनयपिटकात ‘पंडक’ व्यक्तीला प्रव्रज्या नाकारणारा नियम आहे, तो लपवू नका. पण बाबासाहेबांनी गृहत्यागाची पारंपरिक कथासुद्धा बुद्धीला पटत नाही म्हणून बाजूला ठेवली. परंपरेत लिहिले आहे म्हणून मानायचे, हे आपल्या धम्मात बसत नाही. आणि ज्यांना वाटते की बाबासाहेबांचा या विषयाशी संबंध नाही, त्यांनी १९३४ चा ‘समाजस्वास्थ्य’चा खटला वाचावा. र. धों. कर्व्यांनी हस्तमैथुन, समलिंगी संबंध यांवरच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयात उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. आधीच शत्रू कमी नव्हते, तरी हे वकीलपत्र घेतले. “आपल्यापुढे मोठे प्रश्न आहेत” असे सांगून त्यांनी कर्व्यांना परत पाठवले नाही.

मग करायचे काय?

आपल्या सभांपासून सुरुवात करू या. निष्क्रिय मंत्र्याला ‘नपुंसक’ म्हणायचे, अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर द्यायचा, भित्र्याला ‘हिजडा’ म्हणायचे, यावर आपल्याच मंचावर टाळ्या पडतात. समोर बसलेल्यांत एखादे पोर त्या टाळ्यांनी दर वेळी थोडे थोडे मरत असते. जातीवरून शिवी दिली की आपण गुन्हा दाखल करतो. मग ही शिवी आपल्या तोंडात काय करते?

अभ्यासवर्गात ‘द आन्सर’ दाखवा. जेमतेम अकरा-बारा मिनिटांचा भाग आहे. त्यानंतर १९१६ चा निबंध वाचायला घ्या. पोरांना स्वजातिविवाह म्हणजे काय हे समजवायला तासभर लागणार नाही.

‘स्टीव्हन युनिव्हर्स’मध्ये होमवर्ल्डच्या पोटात, ओसाड गुहांत, काही रत्ने लपून राहतात. कोणी दोन जातींच्या मिलनातून झालेले, कोणी जन्मतःच सदोष ठरवलेले. शोधणारी यंत्रे आली की श्वास रोखून बसतात. त्यांना तिथे ‘ऑफ कलर्स’ म्हणतात. मी तो भाग पाहिला तेव्हा मला गावकुसाबाहेरची आमची जुनी वस्ती आठवली. आणि लगेच आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आठवला. फरक इतकाच की या वेळी शोधणारी यंत्रे आम्ही होतो.

मी त्या साथीदारांच्या घरी जाऊन आलो. माफी मागितली. ते म्हणाले, विचार करतो. परत यायचे की नाही हे ते ठरवतील. त्यांची खुर्ची मांडून ठेवणे एवढे आपल्या हातात आहे. ते आले आणि कोणी पुन्हा “टेबल आहेस का?” विचारले, तर या वेळी मी गप्प बसणार नाही. तुम्हीही बसू नका.

जय भीम! जय फुले! जय सावित्री!